दर आठवड्याचं व्याख्यान : एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरचा अभिप्राय

आमच्या ज्येष्ठ निवासात दर आठवड्याला एक व्याख्यान असतं. एकदा चित्रलिपी, मग ऑक्टोपस, मग निद्रानाश; विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. सत्र नुकतंच संपलंय आणि पुढच्यासाठी सूचना मागवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माला चांगली आहे, जरूर जावं. सगळीच व्याख्यानं मात्र सारख्या तोलाची नव्हती.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. त्यामुळे वक्ता काय सांगतोय याच्या आधी तो ऐकू कसा येतोय, इकडे माझं लक्ष जातं. वय झालं की कानाला आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. स, श, त, क यांसारखी व्यंजनं पुसट होतात, स्वर शाबूत राहतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. अशा वेळी नुसता स्पीकर वाढवून भागत नाही. इथल्या सभागृहात इंडक्शन लूप, म्हणजे माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी तार, बसवलाय, त्याबद्दल आयोजकांना पैकीच्या पैकी. श्रवणयंत्राचं बटण ‘टी’वर टाकलं की माइकमधलं बोलणं थेट कानात येतं, खुर्च्यांची खरखर, शेजारच्यांची कुजबुज बाहेर राहते. ही ‘टी’ची सोय मुळात टेलिफोनच्या रिसीव्हरसाठी केलेली होती, हे सांगताना मला अजून बरं वाटतं. पण लूपमध्ये माइकवर बोललेलंच जातं. आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली की पहिल्या रांगेतून कोणीतरी हमखास म्हणतं, ‘‘मला माइक लागत नाही, माझा आवाज मोठा आहे.’’ मग उत्तर ऐकून प्रश्न काय असेल याचा अंदाज बांधत बसायचं.

सत्रातलं सर्वांत उत्तम व्याख्यान रोझेटा शिलालेखाचं. १७९९ साली इजिप्तमध्ये तो दगड सापडला, एकच मजकूर तीन लिप्यांत, आणि १८२२ मध्ये शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने चित्रलिपी उलगडली, इतकं बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं. व्याख्यान देणाऱ्या बाईंनी ते दोन मिनिटांत उरकलं आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. त्यावर लंबगोल चौकटीत कोरलेली दोन नावं होती, एक टॉलेमी राजाचं, एक क्लिओपात्रा राणीचं. ‘‘दोघांत सारखी चिन्हं शोधा. मी गप्प बसते.’’ आणि खरंच गप्प बसल्या! मग खालमानेने शोध सुरू. बसलेला सिंह टॉलेमीच्या नावात चौथा, क्लिओपात्राच्या नावात दुसरा. म्हणजे तो ‘ल’. पहिल्या नावातला आरंभीचा चौकोन दुसऱ्यात पाचवा, तो ‘प’. ‘त’ मात्र जुळेना. माझ्या शेजारचे निवृत्त हिशेबनीस चिडले, ‘‘बाई, तुमचा कागद चुकलाय.’’ बाई हसल्या. कागद बरोबर होता; एकाच आवाजाला दोन चिन्हं असू शकतात, आणि शांपोलियोंला नेमकं हेच ओळखावं लागलं होतं. दगडावर लिहिलंय काय, हे त्यांनी शेवटी सांगितलं. इसवी सनपूर्व १९६ मधला पुरोहितांचा ठराव, राजाची स्तुती आणि करात मिळालेल्या सवलती. हिशेबनिसांचा राग तिथेच उतरला.

ऑक्टोपसवरचं भाषण सुंदर चित्रांचं होतं. तीन हृदयं, तांब्यामुळे निळं रक्त, मेंदूबाहेर बाहूंमध्येच बहुतेक चेतापेशी. ऐकताना मजा आली, पण खोलीत परत येईपर्यंत हातात एवढंच उरलं. शेअर बाजारावरचं तर पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवणं होतं; ते आम्हालाही वाचता येतं.

दूरसंचाराचा इतिहास हा माझा विषय, म्हणून त्याला मी जरा कडक कान लावून बसले होते. वक्ते तरुण, तयारीचे. १८५८ मध्ये अटलांटिकखालून तार गेली तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या ९८ शब्दांच्या संदेशाला सुमारे १६ तास लागले, आणि काही आठवड्यांतच ती केबल निकामी झाली, हे त्यांनी छान रंगवलं. मग स्ट्रोजर आला. हा अंत्यविधीचा व्यावसायिक. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते असा त्याला संशय, म्हणून त्याने ऑपरेटरच लागू नये असं स्वयंचलित एक्स्चेंज शोधून काढलं. पेटंट १८९१ चं. सभागृह हसलं. मी हात वर केला, माइक मागून घेतला आणि विचारलं, बायका या कामावर आल्या कशा, तेही सांगा ना. त्यांना ते माहीत होतं. आधी या कामावर पोरं होती, ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलायची, म्हणून १८७८ मध्ये बोस्टनला एमा नट यांना घेतलं. एवढं सांगून ते म्हणाले, ‘‘पुढचं तुम्हीच सांगा, ताई.’’ आणि खुर्चीवर बसले. वेळ संपून गेला तरी कोणी उठलं नाही.

आता याच्या उलट टोक. तोल जाऊन पडणं टाळण्याविषयीचं व्याख्यान. विषय अत्यंत गरजेचा, माहिती योग्य. पण बोलणाऱ्याने शब्दागणिक ‘‘आजी, कळलं का? आजोबा, टाळ्या!’’ चालवलं होतं. समोर बसलेल्यांत शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी आतल्या कानातल्या द्रवाविषयी प्रश्न विचारला, त्यावर उत्तर आलं, ‘‘अरे वा, आजी हुशार आहेत!’’ प्रश्न तसाच राहिला. ऐकणारे म्हातारे आहेत म्हणून विषय पातळ करणाऱ्यांना पुन्हा बोलावू नये, हे मी सूचनेच्या अर्जावरही लिहिलंय.

विषय वेगवेगळे असण्यावर माझा आक्षेप नाही. यादीतून निवडायला सांगितलं असतं तर मी रोझेटाला गेलेच नसते. पण आवडलेल्या विषयाला पुढे वाट नाही. चित्रलिपीचे आणखी दोन तास ठेवा, ज्यांना हवं ते येतील. दुपारी जेवणानंतरची वेळ बदला, निम्मे डुलतात. प्रश्न माइकवरच, अपवाद नाही.

आणि वक्ते सगळे बाहेरूनच कशाला? १९७३ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू झालं तेव्हा शिकवायला प्राध्यापक होते. १९८१ मध्ये केंब्रिजला ती कल्पना पोचल्यावर तिथे शिकणाऱ्यांनीच एकमेकांना शिकवायचं ठरलं. आपल्याकडेही सत्रातले तीन-चार दिवस रहिवाशांना द्या. ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकरवी लागणारा परगावचा फोन, कसा जोडला जायचा यावर मी बोलेन. तिसऱ्या मजल्यावर भूमापनातले एक गृहस्थ राहतात, त्यांना आत्ताच विचारून ठेवा. पहिल्यांदा ते नाही म्हणतील.