उमराण लावू की गोला? अथणीकडच्या माळासाठी

कृष्णाकाठ सोडून अथणीच्या पूर्वेला, जतच्या अंगाला जमीन असेल आणि बोरीची बाग लावायचं मनात असेल तर प्रश्न शेवटी जात कुठली, उमराण की गोला, एवढाच उरतो. ॲपल बोर मी धरतच नाही, फळ मोठं असतं पण मला तरी पाणचट लागतं.

उमराणचा माल टिकतो हे खरं. लांबट सोनेरी फळ, पिकत आलं की चॉकलेटी झाक, आणि मिरज-सांगलीला क्रेट उघडलं तरी बोर कडक. गोला रसाळ पण नाजूक, तोडला की लगेच विकून मोकळं व्हायचं. व्यापाऱ्याला विचाराल तर तो उमराणच सांगेल, आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

पण उमराण उशिरा येते आणि माझं तिथंच बिनसलं. संक्रांतीच्या आसपास आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि नेमकी तेव्हाच हिला फळ भरायला पाणी पाहिजे असतं, मग देठाजवळ बारीक सुरकुती पडते, दाबलं तर बोर पोचट लागतं आणि चार दिवसांत झाडाखाली सडा. टँकर आणा, ठिबकची पाळी वाढवा, दरवर्षी तीच कटकट. गोला तोवर बराचसा तोडून झालेला असतो, शिवाय सुगडाला आणि बोरन्हाणाला गिऱ्हाईक बोरं शोधत येतं तेव्हाच आपला माल हातात. राजस्थानात जोधपूर-बिकानेरकडं गोला, सेब, मुंडिया या लवकरच्या जाती चालतात त्या याचसाठी, जमिनीतली ओल संपायच्या आत फळ निघतं. आपल्याकडं पाऊस तिथल्यापेक्षा जास्त, त्यामुळं बारमाही पाणी असणाऱ्यानं उमराण लावली तर मी चूक म्हणणार नाही.

जात कुठलीही घ्या, पिशवीतल्या रोपापेक्षा गावठी बी जागेवरच पेरा, सोटमूळ सरळ खाली जातं. त्या गावठी रोपाचा खुंट पेन्सिलीएवढा झाला की जून-जुलैत डोळा भरायचा, म्हणजे हव्या जातीच्या फांदीवरचा डोळा खुंटाच्या सालीत बसवून कलम करायचं, आणि डोळ्याखालून गावठीचे काटेरी फुटवे येतात ते दिसले की काढत राहायचं, नाहीतर तेच कलमाला दाबतात. उमराण आधीच असेल तर उपटू नका, उन्हाळ्यात खोडावर छाटून नव्या फुटीवर गोल्याचा डोळा भरता येतो, मी तसंच केलंय. फक्त सगळी बाग एकाच जातीची करू नका, बोरीच्या बऱ्याच जातींना फळधारणेला दुसऱ्या जातीचा पराग लागतो.