सीईएसएम २: मॉडेल फुकट, पण प्रोसेसरचे कोअर वाटता यायला हवेत

एनसीएआर या अमेरिकी हवामान संशोधन संस्थेचं हे जागतिक हवामान मॉडेल नाशिकमधल्या कॉलेजच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) लावणार असाल, तर आधी एक गोष्ट: मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतं, आणि एक अंशाच्या जाळीत अख्खा जिल्हा दीडेक चौकोनात मावतो. निफाडच्या द्राक्षांवरची गारपीट यात शोधू नका! चौकोनाची बाजू निम्मी केली की काम साधारण आठपट, कारण टाइमस्टेपही (हिशेबातली वेळेची एकेक उडी) निम्मी लागते.

खरी मेख कोअरवाटपात. वातावरण आणि समुद्र वेगळ्या कोअरवर एकाच वेळी चालवले, की जो आधी संपतो तो दोघांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या कपलरपाशी ताटकळतो. पाच दिवसांची चाचणी चालवा, टायमिंग फाईल वाचा, मग कोअरचे आकडे बदला; सेटअप रीसेट करायला विसरू नका. रोजचं आउटपुट ठेवलंत तर प्रोसेसरआधी डिस्क दमते. मासिक सरासरी पुरे.