जुनी छापील पानं एआयकडून टाइप करून घेताना: काही महिने वापरल्यानंतर

फोटोतला मजकूर वाचून टाइप करून देणारा एक एआय सहायक पावसाळ्यापासून पैसे भरून वापरतोय. बडोद्याच्या दांडिया बाजारात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावून द्यायचं काम. मंडळांच्या स्मरणिका, आरत्यांची पुस्तकं, कुणाच्या आजोबांचे जुने लेख. पिवळी पडलेली पानं येतात आणि गिऱ्हाइकाला ती जशीच्या तशी टाइप करून हवी असतात.

वेगाबद्दल वाद नाही. हाताने अर्धा तास खाणारं पान मिनिटभरात समोर येतं. शाई उडालेली, कसरीने खाल्लेली पानंही वाचतो. जोडाक्षरं तर सुरेख!

त्रास वेगळाच आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘घरीं’, ‘नाहीं’, ‘केलें’ असे अनुस्वार असतात. पहिले दोन परिच्छेद हा ते इमानदारीत ठेवतो, मग गुपचूप गाळायला लागतो. बजावून सांगितलं तरी. एका पानाचा कोपरा फाटला होता, तिथे याने पदरचं अख्खं वाक्य घातलं. तेही इतकं घोटीव की मूळ पान शेजारी नसतं तर खपून गेलं असतं.

म्हणून जुना गडी परत कामावर घेतला, टेसरॅक्ट. १९८५ ते १९९४ दरम्यान एचपीत घडलेलं आणि २००५ साली सर्वांना खुलं झालेलं हे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. इंटरनेट लागत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाचा कागद दुकानाबाहेर जात नाही. पान खराब असलं की कुठलंही ओसीआर अगम्य अक्षरं ओकतं, पण ती लगेच डोळ्यांत खुपतात. आता प्रत्येक पान दोघांकडेही देतो आणि दोन्ही फायली तुलनेला लावतो. फरक रंगीत दिसतो, तेवढ्या जागी मूळ पान उघडायचं.

बडोद्याची खास भानगड म्हणजे मराठी मजकुराखाली गुजराती देणगीदारांची यादी. गुजराती पाचाचा आकडा हुबेहूब शिरोरेघ काढलेल्या ‘प’सारखा, त्यामुळे ओसीआरमधून ५१ रुपयांचे ‘प१’ होऊन येतात. इथे एआय सरस. रकमेच्या रकान्यात अक्षर कशाला येईल, हे त्याला उमगतं. याद्या त्यालाच देतो, बेरीज मात्र मी मारून बघतो.

मोडी कागद घेऊन येणाऱ्यांनी आशा ठेवू नये. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांसाठीच्या सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीत, २०१४ पासून आहे, पण त्याने फार तर टाइप करायची सोय झाली. कारकुनी वळणाचं हस्ताक्षर लावणं हे मोडीच्या जाणकाराचंच काम. मी एक कागद देऊन पाहिला, तर याने न अडखळता जमिनीच्या वादाची गोष्ट रचून दिली. कागद घरखर्चाचा होता.

पुढच्या महिन्याचे पैसे भरणार आहे, स्मरणिकांचं काम संपेपर्यंत तरी. पानामागचा दर पूर्वीचाच ठेवलाय, कारण टाइपिंगचा वाचलेला बराच वेळ प्रूफात जातो. ‘आता सगळं एआयच करतं ना, मग कमी घ्या की’ म्हणणाऱ्याला मी त्या दोन फायली शेजारी शेजारी उघडून दाखवतो.