चिपळूणची अ‍ॅस्बेस्टॉसवाल्यांची बैठक, जावं का?

जावं. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे पत्र्यांत, ब्रेक लायनिंगमध्ये घालतात ते तंतूवालं खनिज, त्याची धूळ आत जाऊन फुफ्फुसं खराब झालेल्यांची ही बैठक. फक्त आधी जिन्याचं ऐका. हॉल पहिल्या मजल्यावर आहे! चार पायऱ्या चढून धाप लागणाऱ्यांची बैठक आणि ती माडीवर, कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. सांगून झालंय, खालची जागा मिळत नाही म्हणतात.

बाकी काम एक नंबर. महिन्यातून एकदा भरते, फी नाही, घरच्यांनाही बसू देतात. येणारे बहुतेक चाकरमानी, कोणी मुंबईला ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात होतं, कोणी गोदीत बोटींच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टन, सोलायचं. धूळ आत गेल्यावर आजार दिसायला वीस-तीस वर्षं पण लागतात, तोवर माणूस रिटायर होऊन गावी आलेला असतो आणि इथे कोणी विचारतच नाही की बाबा तुम्ही काम काय करत होतात. आमच्या बाबांनापण आधी टीबीच्याच गोळ्या चालू होत्या, थुंकीत काही सापडत नसताना. मग एका डॉक्टरने त्यांच्या बोटांची फुगलेली टोकं बघितली, कामाचं विचारलं आणि एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक सीटी स्कॅन, करायला लावला. एक काकी येतात त्या तर कारखान्यात कधी गेल्याच नाहीत, नवऱ्याचे कामाचे कपडे आधी झटकून मग धुवायच्या, बस एवढंच.

खरा फायदा कागदांचा. 1995 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्याने कामगाराचं हेल्थ रेकॉर्ड कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा रिटायर झाल्यावर 15 वर्षं, जे उशिरा संपेल तोवर ठेवायचं, हे आम्हाला इथे कळलं. बाबांच्या कारखान्याने आधी हात वर केले होते, बैठकीतल्या एका रिटायर युनियनवाल्या काकांनी अर्ज लिहून दिला, रजिस्टर पोस्टाने पाठवायला लावला, तेव्हा कुठे उत्तर आलं. म्हणून पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, जुना गेटपास, जे असेल ते घेऊन जा, फाटकं असलं तरी.

श्वासाचे व्यायाम एक फिजिओवाली ताई घेते, नाकाने आत आणि ओठ आवळून गरम चहावर फुंकर मारल्यासारखं हळू बाहेर. फुफ्फुस बरं होत नाही ती स्पष्ट सांगते, पण खळ्यातून विहिरीपर्यंत बाबा आता न थांबता जातात. बिडी सोडा म्हणून मात्र सगळ्यांच्या मागे लागते, अ‍ॅस्बेस्टॉस आणि बिडी एकत्र म्हणजे कॅन्सरचा धोका कितीतरी पट वाढतो, तरी दोघं-तिघं जिन्याखाली ओढताना दिसतातच.

पत्र्यांचं पण विचारून घ्या. 2020 च्या निसर्ग वादळात उडालेले अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे लोकांनी फोडून पाणंदीत टाकलेत, वरून गाड्या जातात. अख्खा पत्रा छपरावर आहे तर राहू दे, पण फोडायचा नाही, ड्रिल मारायचं नाही, हलवायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवायचा.

ऑक्सिजनचं मशीन डिपॉझिटवर देतात, डॉक्टरची चिठ्ठी लागते, किती लिटरवर ठेवायचं तेही चिठ्ठीप्रमाणेच. आमच्याकडे आलं त्याचा फिल्टर धुळीने काळा होता, नेतानाच उघडून बघा. आणि लाइट गेली की मशीन बंद, तेव्हा भरलेला सिलिंडर पण मागून घ्या आणि नंबर मे महिन्यातच लावा, पावसात वेटिंग असतं.