कॉइलओव्हर म्हणून 68 हजार घेतले आणि आत माझेच जुने शॉकअप निघाले

सातारकरांनो, गाडी लो करायच्या, म्हणजे तिची उंची कमी करायच्या नादात असाल तर हे वाचाच, माझे पैसे गेले ते गेले पण आई मागच्या सीटवर असताना घाटात काय झालं असतं हा विचार आला की अजून झोप उडते.

माझी पोलो आहे, सेकंडहँड घेतलेली पण जीव लावून ठेवलेली. नुसत्या बारक्या स्प्रिंगा टाकून लो करायची नव्हती, कारण आईला गावाकडं न्यायचं असलं की रस्ता कसा आहे ते सगळ्यांना माहितीये, गरज पडली तर परत उंच करता यावी म्हणून कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेला, उंची बदलता येणारा सेट घ्यायचं ठरवलं. त्यात शॉकअपच्या बॉडीला बाहेरून आटे असतात, त्यावर कॉलर, म्हणजे आट्यांची रिंग फिरवली की स्प्रिंगची बैठक खालीवर होते आणि गाडीची उंची बदलते. काही सेटमध्ये खालचा ब्रॅकेटच आट्यांवर फिरतो, म्हणजे स्प्रिंगचा ताण तसाच राहतो आणि फक्त उंची बदलते. एवढं मी वाचलेलं, बाकी सगळं बसवून देणाऱ्या माणसावर सोडलं.

हायवेला लागून त्याचं वर्कशॉप. बोलायला एकदम गोड, "दादा इंपोर्टेड माल आहे, 32 क्लिक, तुम्ही नुस्तं बघत राहा." क्लिक म्हणजे शॉकअप कडक-मऊ करायच्या बटणाच्या पायऱ्या. बॉक्स कुठाय विचारलं तर म्हणे गोडाऊनला राहिला. बिल मागितलं तर म्हणे पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वर लागंल, आणि मी पण पैसे वाचतील म्हणून गप्प बसलो, ही माझी सगळ्यात मोठी चूक. गाडी पाच दिवस ठेवून घेतली आणि काम चालू असताना मला आत येऊ दिलं नाही. गाडी दिली तेव्हा दिसायला झकास होती, काळेकुळकुळीत शॉकअप, लाल स्प्रिंगा, वर फिरवायचं बटण, मी खूशच झालो.

पंधरा दिवसात यवतेश्वरच्या घाटात वळणावर पुढून टक्क टक्क आवाज यायला लागला. आई म्हणाली पण, "अरे काहीतरी ढिलं झालंय." त्याच्याकडं नेली तर म्हणतो, नवीन आहे, बसायला वेळ लागतो, सेटिंग करून देतो. सेटिंगचे 1500, असं दोनदा. दुसऱ्या वेळी अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन नीट लावायचे वेगळे घेतले आणि मशीनचा छापील कागद पण दिला, सगळे आकडे हिरवे. दोन महिन्यांनी पुढच्या टायरला आतल्या बाजूनं तार दिसायला लागली, बाहेरनं टायर नवा दिसतोय आणि आतून पार गेलेला. तेव्हा घरी येऊन तो कागद नीट वाचला तर वर गाडीचं नाव वॅगनआर. माझी गाडी मशीनवर चढलीच नव्हती. उंची बदलली की कँबर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाक आत-बाहेर वळलेलं असायचा कोन) दोन्ही हलतात, त्यामुळे प्रत्येक वेळी अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर टायर आतून खाल्ला जातो, आणि इथं तर पैसे घेऊन केलंच नव्हतं.

मग कोरेगाव रोडच्या एका जुन्या मिस्त्री काकांकडं गेलो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, चाकं लोंबती झाली आणि काकांनी दोन बोटांनी पुढची स्प्रिंग गरागरा फिरवून दाखवली. चाक पूर्ण खाली लोंबलं तरी स्प्रिंग दोन्हीकडं टेकून बसलेली पाहिजे, नाहीतर खड्ड्यातून उसळल्यावर ती बैठकीतून सरकू शकते. खालची लॉकिंग कॉलर हातानं फिरत होती, ती आवळायचा सी पाना कधी लागलाच नव्हता. वरचं बटण फिरवलं तर नुसतं क्लिक क्लिक वाजत गोल फिरतंय, कुठं थांबतच नाही. खऱ्या बटणाला शेवट असतो, ते पूर्ण घट्ट करायचं आणि तिथून क्लिक मोजत मागं यायचं, दोन्ही बाजूला सारखे.

मग काकांनी पॉलिश पेपर घेऊन डाव्या शॉकअपवर हलकेच घासलं. काळ्या रंगाखालून पिवळा रंग आला, अजून घासलं तर आकडे. 2021 ला मी शॉकअप बदलले तेव्हा मिस्त्रीनं पिवळ्या पेंटनं तारीख टाकलेली, तीच ती. माझ्याच शॉकअपची स्प्रिंगची थाळी कापून, खाली रिंग वेल्डिंग करून, वरून आट्यांची नळी सरकवलेली. वेल्डिंगच्या उष्णतेनं आतलं सील जातं, तेल पाझरायला सुरुवात झालीच होती. मला खरंच उभं राहवेना, लिफ्टच्या खांबाला धरून उभा राहिलो.

त्यामुळं कुणी करणारच असाल तर बॉक्स तुमच्यासमोर फोडायला लावा, जुने शॉकअप सुट्टे काढून घरी घेऊन या आणि अलाइनमेंट मशीनपाशी स्वतः उभे राहा. उंची मोजायची ती चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्हीकडं, आणि थोडे किलोमीटर चालवून परत एकदा, कारण स्प्रिंग बसते. आणखी एक, पोलोला मागं स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळं चारी बाजूला कॉइलओव्हर देतो असं कुणी म्हणालं तर मागं नेमकं काय बसवणार ते आधी विचारा.

त्या वर्कशॉपवाल्याला जाऊन विचारलं तर म्हणतो तुम्हीच बाहेर काहीतरी करून आणलं, बिल दाखवा. बिल नाही. पण यूपीआयच्या नोंदी आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज आहेत, त्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि वकील लागतोच असं नाही, तो अर्ज मी या आठवड्यात देतोय. गाडीला कंपनीचे साधे शॉकअप टाकलेत. तो काळा सेट गोणीत बांधून माळ्यावर ठेवलाय, घासलेली जागा तशीच ठेवून, पिवळी तारीख स्पष्ट दिसते.