वेस्ट साईड स्टोरी, १९८४: डिस्क नंतर ऐका, डॉक्युमेंटरी आधी बघा

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. डॉयचे ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपनीचा वेस्ट साईड स्टोरीचा अल्बम ५ पैकी ३. आणि त्याच रेकॉर्डिंगच्या वेळी क्रिस्टोफर स्वानने बीबीसीसाठी शूट केलेली डॉक्युमेंटरी ५ पैकी ५, माझं चाललं तर ६. आता सविस्तर.

हे म्युझिकल १९५७ मध्ये ब्रॉडवेवर आलं, संगीत लेनर्ड बर्नस्टाईनचं. पण गंमत म्हणजे त्याने स्वतः हे अख्खं कधी कंडक्ट केलंच नव्हतं, म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा आणि गायकांना चालवलं नव्हतं, ते केलं थेट १९८४ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या स्टुडिओत. आणि यावेळी ब्रॉडवेची गायक मंडळी न घेता ऑपेराचे स्टार घेतले. नायिका मारियासाठी न्यूझीलंडची किरी ते कानावा, नायक टोनीसाठी स्पेनचा होसे कॅरेरास, मारियाची मैत्रीण अनिताला तात्याना ट्रॉयानोस. आता बघा, गोष्टीत मारिया पोर्तो रिकोची, म्हणजे स्पॅनिश बोलणारी, आणि टोनी न्यूयॉर्कचा पोलिश वंशाचा अमेरिकन पोरगा. म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाला अमेरिकन केलाय आणि इंग्रजी बोलणारीला स्पॅनिश! उलटं कास्टिंग केलं असतं तर रेकॉर्डिंगची निम्मी भांडणं झालीच नसती असं मला राहून राहून वाटतं.

डॉक्युमेंटरीचा जीव म्हणजे कॅरेरासची सेशन्स. समथिंग्ज कमिंग हे गाणं ऐकलं असेल तर माहितीये, खाली बेसचा ठेका एकसारखा चालू असतो आणि वर गाणाऱ्याचे शब्द दोन-दोनचे तुकडे करून मात्रेच्या मधे टाकायचे असतात, ते पण सहज, टपरीवर उभा राहून बोलतोय असे. कॅरेरासला ते जमत नाही. उच्चार नीट करायला जातो तर शब्द मागे पडतो, लय धरतो तर उच्चार परत स्पॅनिश, मग थांबा, मग परत पहिल्यापासून. बर्नस्टाईनच्या चेहऱ्यावरचा वैताग लपत नाही, कंट्रोल रूममधून प्रोड्युसर जॉन मॅक्लूरच्या सूचना वेगळ्याच, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा वाद्यं धरून बसलेला आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर. मारिया गाण्याला तर कहर होतो. टेक मोडतो, कॅरेरास चिडून बाजूला होतो आणि बर्नस्टाईनचं तोंड बघण्यासारखं झालेलं असतं.

यावर लोक एकच म्हणतात, टेनरचे (म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचे) नखरे. मला हे अजिबात पटत नाही. या माणसाची अख्खी तालीम वेगळ्या घरातली आहे. ऑपेरात चांगला कंडक्टर गायकाच्या श्वासावर लक्ष ठेवतो, वरचा सूर लागला की गायक तिथे थोडा रेंगाळणार हे त्याला ठाऊक असतं आणि तो वाट बघतो, आपल्याकडे तबलजी नाट्यगीतात गाणाऱ्याला सांभाळून घेतो ना तसंच. ब्रॉडवेच्या गाण्यात बहुतेक वेळा राज्य ड्रम आणि बेसचं. तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही, ठेका पुढे निघून जातो आणि तुम्ही मागे राहता. शिवाय ऑपेराचा आवाज मोठ्या हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचवायला घडवलेला, त्यासाठी स्वर लांब आणि मोकळे धरायचे, आणि इथे तोंडासमोर माइक आणि हवीत नेमकी कडक व्यंजनं. वीस-पंचवीस वर्षांचा गळ्याचा संस्कार चार दिवसांत कसा उतरवणार?

त्यात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे समोर उभा असलेला कंडक्टर हाच संगीतकार. एरवी गायक कंडक्टरशी वाद घालू शकतो, की नोटेशनमध्ये तर असं लिहिलंय, परंपरा अशी आहे वगैरे. इथे वाद कोणाशी घालणार, लिहिणाराच समोर! माझं मत स्पष्ट आहे, चूक निवडीत होती आणि निवडीत शेवटचा शब्द ज्याचा चालला असता तोच नंतर हातात बॅटन, म्हणजे कंडक्टरची काठी, घेऊन गायकावर वैतागत होता. लाजवाब संगीतकार, पण या बाबतीत मी पूर्ण कॅरेरासच्या बाजूने.

आणि एक सांगायचं म्हणजे मारिया गाण्याची ती तीन अक्षरं आपल्या कानाने ऐकून बघा, सा, तीव्र म, प. मधला तीव्र म टोचतो आणि पंचमावर गेल्यावर सुटका होते. हे कॅरेरास जे गातो ना, फायनल डिस्कवर, ते सुंदर आहे हो! तिथे ठेका थोडा सैल असतो, श्वास घ्यायला जागा असते, आणि एकदम कळतं की याला का बोलावलं होतं. बोंब आहे ती समथिंग्ज कमिंगची, ते डिस्कवर पण अवघडलेलंच राहिलंय.

अल्बमचा दुसरा प्रॉब्लेम म्हणजे संवाद. टोनी आणि मारियाचं बोलणं बर्नस्टाईनच्याच मुलांनी, अलेक्झांडर आणि नीनाने केलंय. म्हणजे टोनी बोलतो पक्का अमेरिकन आणि पुढच्या सेकंदाला गायला लागला की बार्सिलोनाचा. प्रत्येक वेळी दचकायला होतं. बरं, बहीण-भाऊ एकमेकांना प्रेमाचे संवाद म्हणतायत हा विचार डोक्यात आला की जातच नाही, आता तुमच्याही डोक्यात घालून ठेवला, सॉरी.

बाकी माल चांगला आहे. ट्रॉयानोस तर कमाल, मूळची न्यूयॉर्कचीच, तिचे बालपणीचे पहिले दिवस आज जिथे लिंकन सेंटर आहे त्या भागात गेलेले, त्यामुळे तिच्या अनितात रस्त्यावरची धार आहे. समव्हेअर गायला मेरिलिन हॉर्न, एवढा भरदार आवाज एका गाण्यापुरता म्हणजे चैनच. टोनीचा मित्र रिफ, कर्ट ओलमनने गायलेला, तोही नीट, तो अमेरिकन असल्यामुळे त्याला शब्द चावावे लागत नाहीत. किरीचा आवाज मधासारखा आहे पण मारिया सोळा-सतरा वर्षांची वाटत नाही, राणीसाहेब वाटते. आणि ऑर्केस्ट्रा! नुसत्या त्यासाठी तिसरा स्टार दिलाय.

ज्यांना हे ऑपेरा अधिक म्युझिकल प्रकरण जमलेलं ऐकायचंय त्यांनी कंडक्टर जॉन मॅक्ग्लिनचं १९८८ चं शो बोट या म्युझिकलचं रेकॉर्डिंग घ्या, फ्रेडरिका व्हॉन स्टाडे आणि जेरी हॅडली, गायक तिथेही ऑपेराचेच पण भाषा त्यांची स्वतःची. आणि कॅरेरासबद्दल मन खट्टू झालं असेल तर १९९० ची रोममधली तीन टेनर्सची मैफल बघा, तिथे बॅटन आपल्या मुंबईच्या झुबिन मेहताकडे आहे आणि कॅरेरास आपल्या घरच्या संगीतात आहे, माणूस काय खुलतो! मधल्या काळात तो ल्युकेमियातून उठून आलाय हे लक्षात ठेवून बघा.

घेताना एवढं करा, डिस्क पूर्ण विकत घेण्याआधी स्ट्रीमिंगवर मारिया, अमेरिका आणि समव्हेअर ही गाणी ऐका. अमेरिका ऐकताना मात्रा मोजा, एक-दो-तीन, एक-दो-तीन, एक-दो, एक-दो, एक-दो. हे आवडलं तर घ्या. डॉक्युमेंटरी मात्र दीडेक तास काढून सलग बघा, फोन बाजूला ठेवून.