शर्मन की मॅडिसन: आधी कोणाचं चरित्र हाती घ्यावं?

अमेरिकेची काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कशी उभी राहिली हे एखाद्या माणसाच्या आयुष्यातून समजून घ्यायचं असेल, तर दोन नावं समोर येतात: व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन आणि कनेटिकटचे रॉजर शर्मन.

मॅडिसन प्रिन्स्टनला शिकलेले, १७८९ ते १७९७ प्रतिनिधिगृहात, पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष. त्यांच्यावर वाचायला भरपूर मिळतं. शर्मन यांचा प्रवास मला जास्त भिडतो. तरुणपणी जोडे शिवले, मग जमिनीची मोजणी केली, दुकान चालवलं, पंचांगं काढली आणि कॉलेजची पायरी न चढता १७५४ मध्ये वकील झाले. १७७४ चा ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराचा असोसिएशनचा करार, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यांना आधी जोडणारा करार म्हणजे आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, आणि राज्यघटना, या चारही कागदांवर सही असलेले ते एकटेच.

दोघांचा खरा सामना १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला, राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेत झाला. मॅडिसन छत्तीस वर्षांचे, शर्मन सहासष्ट. दोन्ही सभागृहांत लोकसंख्येप्रमाणे जागा हव्यात, हा मॅडिसन यांचा आग्रह. शर्मन यांनी ११ जूनलाच सुचवलं होतं की खालच्या सभागृहात लोकसंख्या मोजा, वरच्यात प्रत्येक राज्याला सारखं मत द्या. १६ जुलैला ही तडजोड ५ विरुद्ध ४ राज्यांनी, जेमतेम एका मताने मान्य झाली. आजही सेनेटमध्ये, म्हणजे त्या वरच्या सभागृहात, प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य असतात. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे. म्हणजे या बाबतीत आपण मॅडिसन यांच्या जवळचे.

१७८९ मध्ये राज्यघटनेत नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्या मांडल्या मॅडिसन यांनी. त्या मूळ मजकुरात मिसळू नका, शेवटी जोडा, हा हट्ट शर्मन यांचा, आणि तोच टिकला. ‘पहिली दुरुस्ती’ असा वेगळा क्रमांक आज दिसतो तो त्यामुळे.

गुलामगिरीच्या प्रश्नावर मात्र दोघांचंही चरित्र बोचतं. मॅडिसन यांनी मृत्युपत्रातही आपल्या गुलामांना मुक्त केलं नाही. शर्मन गुलामांचा व्यापार वाईट मानत, तरी घटना अडू नये म्हणून त्यांनी तो चालू राहू दिला. तडजोडीची किंमत भलत्याच माणसांनी मोजली.

परीक्षेसाठी किंवा निबंधासाठी वाचत असाल तर मॅडिसन घ्या, साधनं हाताशी मिळतील. कायदेमंडळात काम कसं पुढे सरकतं हे पाहायचं असेल तर आधी शर्मन. त्यांचे स्वतःचे कागद कमी आहेत, पण घटना परिषदेतली त्यांची भाषणं मॅडिसन यांनीच टिपून ठेवली आहेत. ११ जून ते १६ जुलै एवढ्या टिपणांपासून सुरुवात करा.